विद्या आणि शौर्य

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. इ. स. १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म याच गावी झाला. समर्थांनी ग्रंथ रचले, तसेच ठिकठिकाणी मारुतीची मंदिरे स्थापून बलोपासनेचा प्रसार केला. विद्या आणि बल यांची सांगड घालणारा हा आदर्श या भूमीतलाच आहे.

तरीही सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या काही मुलांचा असा समज असतो की, सैनिकाला बळकट शरीर पुरे. पुस्तकांचे त्याला काय काम? मग ती धावण्याचा सराव करतात, परंतु अभ्यासाकडे पाठ फिरवितात. हा समज कितपत खरा आहे, ते पाहू.

समजा, एक तरुण अधिकारी तीस जवानांना घेऊन रात्री निघाला आहे. त्याच्या नकाशाचे प्रमाण १:५०,००० आहे. म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर होतो. नदी ओलांडण्याचा उतार नकाशावर सहा सेंटिमीटर दूर आहे. म्हणजे अंतर तीन किलोमीटर झाले. त्याने ते सहा किलोमीटर धरले, तर सारी तुकडी उतार मागे टाकून भलतीकडेच जाईल. वहीतील चुकलेले गणित खोडता येते. येथे मात्र चुकीचे मोल मागून विश्वासाने चालणाऱ्या जवानांना द्यावे लागते.

म्हणूनच पुण्याजवळील खडकवासला येथे असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शस्त्र आणि शास्त्र यांचे शिक्षण एकत्र दिले जाते. १९४९ साली पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसविली आणि १९५५ साली तिचे उद्‌घाटन झाले. येथील प्रवेशाच्या लेखी परीक्षेत ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात. बारावीनंतर निवडलेले छात्र येथे तीन वर्षे राहतात. कवायत, पोहणे, घोडेस्वारी यांबरोबर ते विज्ञान, इतिहास, भाषा इत्यादी विषय शिकतात व जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करतात. २०२२ पासून मुलींनाही येथे प्रवेश मिळू लागला. त्यांपैकी १७ मुलींची पहिली तुकडी २०२५ साली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

या परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. दहावीनंतर निवडलेली मुले येथे राहून अकरावी-बारावीचा अभ्यास आणि सैनिकी जीवनाची तयारी बरोबरीने करतात. २०२३ साली मुलींसाठी अशीच संस्था नाशिक येथे सुरू झाली.

महाविद्यालयात शिकणाऱ्यांसाठी १९४८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय छात्र सेना आहे. तिचे 'सी' प्रमाणपत्र आणि पदवी ही दोन्ही विहित गुणांनी मिळविणाऱ्यास विशेष योजनेतून, लेखी परीक्षा न देता, भूसेनेच्या निवड मंडळापुढे जाता येते.

अधिकारी झाल्यावरही अभ्यास संपत नाही. पुण्यात शिकलेले जनरल मनोज नरवणे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र होते. त्यांनी मद्रास विद्यापीठाची संरक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळविली. २०१९ च्या अखेरीस ते भारताचे भूसेनाप्रमुख झाले.

मुलांनो, निवडीच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक जण निवडला जातोच असे नाही. ज्याने केवळ धावण्याचा सराव केला, त्याच्यापुढे तेव्हा दुसरी वाट उरत नाही. ज्याने विद्याही संपादन केली, तो शिक्षक, अभियंता किंवा जाणता शेतकरी होऊन देशसेवा करू शकतो. म्हणून पहाटे मैदानावर अवश्य जा. परंतु तेथून परतल्यावर पुस्तक उघडावयास विसरू नका.

अभ्यास

१. अधिकाऱ्याने अंतर चुकीचे मोजले, तर त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागेल? का?
२. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन गावांत नऊ सेंटिमीटर अंतर आहे. प्रत्यक्ष अंतर किती?
३. 'पाठ फिरविणे' व 'सांगड घालणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.