तार तुटली तरी तास चुकू नये : घरच्या इंटरनेटला सिमकार्डची जोड



१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकलं. मालवण, देवगडात झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. तेव्हा शाळेला सुट्टी होती. पण असं जुलैत झालं आणि त्याच दिवशी शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असली तर? आणि वादळच कशाला, आपल्याकडे तारेवर एक झावळ पडली तरी पुरते!

फायबरची तार खेड्यात बहुधा खांबांवरूनच येते. खांब पडला की वीज आणि नेट दोन्ही एकदम गेले. म्हणून पर्यायी जोडणी घेताना पहिला प्रश्न विचारायचा, हिची वाट वेगळी आहे का? मोबाइलचा टॉवरसुद्धा बऱ्याचदा फायबरनेच पुढे जोडलेला असतो. त्यामुळे फायबर ज्या कंपनीचं, सिमकार्ड शक्यतो तिचं नको.

आता जोडणी. सिम घालता येईल आणि 'वॅन' पोर्टही असेल असा फोर-जी राउटर घ्या. फायबरच्या मोडेमची केबल वॅनमध्ये लावा, सिम खाचेत घाला आणि सेटिंगमध्ये वॅन मुख्य, सिम राखीव असं निवडा. चांगला राउटर थोड्या थोड्या वेळाने इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारतो. उत्तर आलं नाही की सिमवर जातो, फायबर सुरू झालं की परत येतो. याला फेलओव्हर म्हणतात. काही राउटर मात्र केबल जोडलेली आहे ना, एवढंच बघतात. तार रस्त्यावर तुटली तरी घरातली केबल जागेवरच असते, मग ते ढिम्म हलत नाहीत! म्हणून चाचणी घेताना राउटरची केबल न काढता मोडेमची फायबर अलगद काढा. तिच्या टोकाला डोळा लावू नका, आत लेझरचा प्रकाश असतो.

चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल अडवतात. राउटर माडीच्या खिडकीत ठेवून त्याच्या पानावर 'आरएसआरपी' आकडा बघा. तो ऋण असतो. पूर्णांक संख्यांचा धडा आठवा : −८५ ही −११० पेक्षा मोठी, म्हणून सिग्नल चांगला. −११० च्या खाली गेलात तर जागा बदला.

विजेचा हिशेब मात्र नीट करा. मिनी-यूपीएसवर १०,००० एमएएच लिहिलेलं बघून हुरळू नका. आतली बॅटरी ३.७ व्होल्टची असेल, तर ते फक्त ३७ वॅट-तास होतात. मोडेम आणि राउटर मिळून २० वॅट घेत असतील, तर दोन ताससुद्धा निघत नाहीत. फायबर तुटलंच असेल तर मोडेम बंद करा, तेवढीच बॅटरी वाचते. ऑनलाइन तासाला कॅमेराही बंद ठेवा, नाहीतर दीड-दोन जीबीचा रोजचा पॅक दुपारीच संपेल. आणि टॉवरलाही बॅटरी, डिझेल लागतंच. वीज चार दिवस आली नाही तर तोही गप्प होऊ शकतो. हवामान खात्याचा इशारा आला की अर्ज त्याच संध्याकाळी भरून टाका.

गृहपाठ : घरच्या मोडेम आणि राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वहीत लिहा. गुणाकार करून जास्तीत जास्त किती वॅट लागतील ते काढा आणि ३७ वॅट-तास किती वेळ पुरतील ते सांगा.