पिकअप घेताय? शोरूमचा आकडा आणि खरा पेलोड यांतला फरक समजून घ्या



भाड्याने चालवायला पिकअप घ्यायची, असं अनेकांच्या डोक्यात असतं. शोरूममध्ये आपण विचारतो, "किती माल बसतो?" उत्तर येतं, "तेराशे किलो, आरामात!" त्याच आकड्यावर आपण धंद्याचं गणित मांडतो आणि नंतर हप्ता ओढाताणीचा होतो. व्हिडिओतलं गणित इथे सावकाश बघू.

आरसी बुकात दोन आकडे शोधा

१. अनलेडन वेट: रिकाम्या गाडीचं वजन. यात चालक आणि मदतनीस धरलेले नसतात.

२. ग्रॉस व्हेइकल वेट (जीव्हीडब्ल्यू): गाडी, माणसं आणि माल मिळून जास्तीत जास्त किती वजन चालतं, तो आकडा.

दुसऱ्यातून पहिला वजा केला की कागदावरचा पेलोड मिळतो.

आता उदाहरण

समजा, जीव्हीडब्ल्यू २,९९० किलो आणि रिकामी गाडी १,६९० किलो. पेलोड १,३०० किलो. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, म्हणजे ६५ क्रेट. बरोबर? नाही!

- हौद्यावर लोखंडी पिंजरा बसवला: १२० किलो
- चालक आणि मदतनीस: १४० किलो
- मालासाठी उरले: १,०४० किलो
- रिकाम्या क्रेटचं वजन धरून भरलेला क्रेट: २२ किलो

बसले फक्त ४७ क्रेट. १८ क्रेट कमी! क्रेटमागे १५ रुपये भाडं धरा. खेपेला २७० रुपये, महिन्याच्या २५ खेपांना ६,७५० रुपये कमी.

"मग १८ क्रेट वर टाकू की!"

थांबा. हे जवळपास ४०० किलो ओव्हरलोड झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे. वर जादा टनामागे २,००० रुपये आणि माल उतरवण्याचा खर्चही तुमचाच. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे तीन महिन्यांची वरकमाई एका दिवसात गेली. शिवाय ब्रेक उशिरा लागतो, टायर लवकर जातात, अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात वाद होतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

वजन मर्यादेत असलं तरी जड माल खाली आणि केबिनच्या बाजूला ठेवा. सगळा भार मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगवर पकड राहत नाही.

जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोपर्यंत असेल तर कलम ६६ नुसार मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. मोठी गाडी घेताना तो खर्चही धरा.

गृहपाठ

गाडी असेल तर टाकी फुल करा, दोघं आत बसा आणि जवळच्या वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचं वजन करून पावती घ्या. जीव्हीडब्ल्यूमधून ते वजा करा. तोच तुमचा खरा पेलोड. अजून गाडी घ्यायची असेल, तर बॉडी बांधणाऱ्याला पिंजऱ्याचं वजन आधी विचारा. भाड्याचा दर आणि कर्जाचा हप्ता या आकड्यावर ठरवा, शोरूमच्या नाही.