प्रसंगापासून सुटलेला शब्द : पालघर-बोईसर परिसरातील मौखिक परंपरा आणि नवमाध्यमे

१. प्रास्ताविक

नवमाध्यमांविषयीची आपली चर्चा बहुतांशी मुद्रित साहित्याच्या भवितव्याभोवती फिरत राहिली आहे. पुस्तक टिकेल काय, वाचक उरेल काय, नियतकालिकांचे काय होईल, हे प्रश्न अर्थातच महत्त्वाचे आहेत. परंतु ज्या समाजात मुद्रणसंस्कृती पुरती रुजली, त्या समाजाचे हे प्रश्न आहेत. मुद्रणाचा टप्पा अर्धामुर्धा अनुभवून ज्यांनी एकदम मोबाइलचा पडदा हाती घेतला, त्यांच्या सांस्कृतिक व्यवहाराचे स्वरूप या प्रश्नांतून उलगडत नाही.

या दृष्टीने पालघर-बोईसर परिसर अभ्यासास विशेष अनुकूल आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात किनाऱ्यालगत वाडवळी व मांगेली, तर डोंगराळ भागात वारली, कातकरी, कोकणा अशा बोली नांदतात. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरमध्ये भोजपुरी, गुजराती, ओडिया बोलणाऱ्या कामगारांची वस्ती झाली. एवढ्या भाषांपैकी मुद्रणात प्रतिष्ठित स्थान मिळालेली स्थानिक भाषा मात्र एकच, प्रमाण मराठी. बाकीच्या मुख्यतः तोंडी राहिल्या. म्हणून मौखिक परंपरा आणि नवमाध्यम यांची गाठ येथे थेट पडलेली दिसते. या गाठीचे स्वरूप चित्र, स्वर आणि शब्द या तीन अंगांनी तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. चित्र : भिंतीपासून पडद्यापर्यंत

वारली चित्राचा मूळ संदर्भ विवाहविधीचा आहे. सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवासिनी लग्नचौक लिहितात. चौकात पालघट देवीची स्थापना होते आणि धवलेरी गाणी म्हणते. चित्र, गाणे व विधी हे येथे एकाच कृतीचे घटक आहेत. लग्न पार पडले की चित्राचे प्रयोजन संपते. ते टिकावे अशी अपेक्षाच नसते.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या भागातील चित्रकारांना कागद व रंग उपलब्ध करून दिले. या चित्रकलेच्या दृष्टीने कागद हेच पहिले ‘नवमाध्यम’ होय. कागदाने तीन मोठे बदल घडविले. चित्र भिंतीपासून सुटले. ते स्त्रियांकडून पुरुषांकडेही आले. आणि त्याला कर्त्याचे नाव मिळाले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांच्या कलेने कागदावर जे विश्व उभे केले, ते विधीच्या चौकटीत मावणारे नव्हते. शेती, मासेमारी, तारप्याभोवतीचा नाच, मुंग्यांची वारुळे असे सारे जगणे त्यात आले. १९८९ साली पॅरिसच्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माध्यमांतर म्हणजे केवळ ऱ्हास, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावयास हवा.

पडदा हे दुसरे माध्यमांतर. कागदाने कर्त्याचे नाव दिले, पडद्याने ते पुन्हा काढून घेतले. संगणकावर तयार केलेली ‘वारली’ आकृती आज साडी, चहाचा पेला, लग्नपत्रिका, भ्रमणध्वनीचे आवरण अशी कोठेही दिसते. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा एवढ्यावर ती भागते. चित्र कोणी काढले, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. या अपहाराला उत्तर म्हणून आदिवासी युवा सेवा संघाने २०११ पासून नोंदणीचे प्रयत्न केले आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. हे यश मोठे आहे. तथापि कायदा नावाचे रक्षण करू शकतो, प्रसंगाचे नाही. चौकाविना काढलेली पालघट आणि चौकातील पालघट यांतील अंतर मानांकनाच्या कक्षेत येत नाही.

३. स्वर : लिपीवाचून प्रकाशन

मुद्रणाने बोलींवर जो अन्याय केला, त्याची भरपाई मात्र नवमाध्यमाने काही अंशी केली आहे, हे मान्य करावे लागेल. वारलीला स्वतःची लिपी नाही. ती देवनागरीत लिहिली की तिचे हेल हरवतात आणि लिहिणारा नकळत प्रमाण मराठीकडे झुकतो. आजवरच्या लोकगीतसंकलनांत हा दोष संकलकांच्या प्रामाणिकपणानंतरही राहिला. ध्वनिचित्रफितीला लिपीची मध्यस्थी लागत नाही. बोलणारा जसा बोलतो तसाच तो प्रकाशित होतो. वारलीतील नवी गाणी, विनोदी प्रवेश, लग्नातील नाच हे सारे यूट्यूबवर येते, त्याचा निर्माता व प्रेक्षक एकाच समाजातील असतो. २०१६ नंतर आंतरजाल स्वस्त झाल्यावर या निर्मितीला वेग आला.

येथेही प्रसंगाचा प्रश्न उरतोच. वाळलेला दुध्या भोपळा, बांबू व ताडाचे पान यांपासून घडणारा तारपा भातपिकाच्या हंगामाशी बांधलेला आहे. नाचणारे वादकाभोवती फेर धरतात आणि वादकाच्या इशाऱ्यावर पावले बदलतात. वादक आणि नर्तक यांच्यातील हा संवाद ध्वनिमुद्रित तारप्याला, विशेषतः त्याच्या डीजेवरील रूपाला, अशक्य असतो. मुद्रित सूर नर्तकाची वाट पाहत नाही.

४. शब्द : बोलणाऱ्यावाचून बोलणे

वॉल्टर ऑंग यांनी १९८२ साली दूरध्वनी, आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांनी निर्माण केलेल्या मौखिकतेला ‘दुय्यम मौखिकता’ म्हटले. समाजमाध्यमे ही तिचीच पुढची अवस्था, असे सर्रास म्हटले जाते. पालघरमधील दोन घटना पाहता हे विधान सुधारून घ्यावे लागते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यविधीच्या दिवशी पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत नोंदविले. दुसरीने त्याला पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली, एकीच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. घरगुती गप्पांच्या सुरातले वाक्य जाहीर सभेतील भाषणासारखे ऐकले गेले. या अटकेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासातील हा टप्पा पालघरच्या एका वाक्यातून सुरू झाला.

दुसरी घटना याच्या उलट टोकाची. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा या भागात पसरल्या होत्या. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा चालक यांची हत्या केली. पुढे याच घटनेला धार्मिक रंग देणारे संदेश देशभर फिरले आणि अटक झालेल्यांत मुसलमान कोणी नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. अफवेतून घडलेली घटना स्वतःच नव्या अफवेचा विषय झाली.

पहिल्या घटनेत बोलणारी व्यक्ती सापडली, पण तिचा प्रसंग हरवला. दुसरीत बोलणाराच सापडत नाही. खऱ्या मौखिक परंपरेत असे घडत नाही. धवलेरीचे गाणे परंपरेचे असले तरी ते म्हणणारी धवलेरी समोर असते. गावकरी तिला ओळखतात, चुकल्यास टोकतात. कर्ता अज्ञात असला तरी गाणाऱ्याची जबाबदारी ज्ञात असते. पुढे ढकललेल्या संदेशाला कर्ता नाही आणि गाणाराही नाही. अफवा पूर्वीही पसरत. परंतु ती सांगणारा पाड्यावरचा कोणी असे आणि त्याच्या शब्दाचे वजन लोकांना ठाऊक असे. तेव्हा समाजमाध्यमांतील शब्दाला मौखिकतेचा वेग आणि मुद्रणाचा दूरस्थपणा आहे. मौखिकतेची समक्षता वा मुद्रणाची नामनिश्चिती त्याला नाही. त्याला ‘प्रसंगमुक्त मौखिकता’ म्हणणे अधिक युक्त ठरेल.

५. समारोप

या विवेचनातून अभ्यासकांपुढे दोन कामे उभी राहतात. पहिले संज्ञाविचाराचे. संहिता, कर्ता आणि आस्वादक या त्रयीत ‘प्रसंग’ ही चौथी संज्ञा दाखल केल्यावाचून नवमाध्यमांतील आविष्काराची समीक्षा पुरी होणार नाही. दुसरे क्षेत्रीय अभ्यासाचे. आज विद्यार्थी मोबाइलवर लोकगीत सहज ध्वनिमुद्रित करतो. ते कोणी, कोठे, कोणत्या विधीत, कोणाच्या समक्ष म्हटले आणि त्याच्या प्रसारणास गाणारीची अनुमती आहे काय, याची नोंद ध्वनिफितीइतकीच मोलाची मानली पाहिजे. ती नसेल, तर प्रसंगापासून सुटलेल्या शब्दांच्या गर्दीत आपले संशोधनही आणखी एका शब्दाची भर घालील. आणि ज्या स्त्रियांनी हे शब्द जतन केले, त्यांची नावे पुन्हा एकदा नोंदीबाहेर राहतील.