थैली पुरू नकोस

"आजी, माझ्यात विशेष असं काही नाही," असं तू परवा म्हणालीस. संडे स्कूलची दंगेखोर पोरं तुझी गोष्ट ऐकताना जागची हलत नाहीत, उपासनेत पेटीवर तू बसलीस की मंडळी सुरात येते, आणि म्हणे काही नाही! तेव्हा नोकरीच्या गावी निघण्याआधी एवढं ऐकून जा.

१. मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढ आणि धन्याने पैशांच्या थैल्या सोपवलेल्या तिन्ही चाकरांचं वाच, नुसतं आपली थैली पुरणाऱ्याचं नको — पाच थैल्यांवाल्याला आणि दोन थैल्यांवाल्याला धन्याने दिलेली शाबासकी शब्दाला शब्द सारखी आहे. दुसरीच्या थैल्या मोजायचं काम प्रभूने तुला दिलेलं नाही.

२. एका थैलीला थोडकी म्हणू नकोस — त्या काळच्या मजुराची सुमारे वीस वर्षांची कमाई तेवढ्यात येई. ज्याने ती पुरली त्याला कमी मिळालं म्हणून नाही, धन्याची भीती वाटली म्हणून पुरली. तुझीही भीती प्रार्थनेत स्पष्ट सांग. "लोक हसतील" अशी असेल तर तशीच सांग.

३. रोज पंधरा मिनिटं पेटीवर बस, मन असो वा नसो — शनिवारी रात्री तीन तास बसलं तरी रविवारी बोटं ऐकत नाहीत. रोजचं थोडं, कधी न मोडं.

४. येणारी चाल पुन्हा पुन्हा वाजवून खूश होऊ नकोस. जिथे बोट अडतं त्या दोनच ओळी निम्म्या लयीत घे — चुकीची सवय एकदा बसली की ती मोडण्यातच दिवस जातात.

५. "आता काय शिकायचं वय आहे का?" हे वाक्य आपल्या घरात चालणार नाही. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी म्हणून आधीच नावाजलेल्या. तरी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करायचं म्हणून चाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, आणि 1922 साली जाईपर्यंत ते काम सोडलं नाही. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखान्याचं काम आश्रमातल्या बायकामुलीच करत. त्यांच्यातही हे हुन्नर आहे, हे कुणीतरी आधी ओळखायला हवं होतं ना? आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक! अक्षरओळख नवऱ्याने घरी करून दिलेली. पण नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी पुढे नेलं, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 साली, म्हणजे त्यांनी साठी ओलांडल्यावर. माझ्या मते मराठीत त्या तोडीचं आत्मचरित्र दुसरं नाही.

६. देवाचं दान आहे तर शिकवणी कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला निर्गम वाचायला दे. देवाने बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरलं ते सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकूड यांच्या कारागिरीसाठी. त्याच्याबरोबर दुसऱ्यांना शिकवायची बुद्धीही दिली — पट्टीवर माप घेणारा हातसुद्धा देवाच्या कामाचाच असतो. म्हणून चांगला गुरू शोध, फी वेळेवर दे आणि वहीत तारीख घालून धडा लिही.

७. गुण कुणाच्या तरी उपयोगी पाड. यापोची टबीथा वारली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवले — तिच्याविषयी सांगण्यासारखं सगळं त्या शिवणीत होतं. नव्या गावी दवाखान्यात, वृद्धाश्रमात, शेजारच्या आजारी बाईपाशी दोन गाणी म्हणून ये. माइक नसला तरी चालतं.

८. कुणी कौतुक केलं तर "छे, छे" करून मान वेळावू नकोस. "देवाची कृपा, तुम्हाला आवडलं, बरं वाटलं," एवढं म्हण आणि पुढे चल — गुण नाकारला की देणाऱ्यालाच नाकारल्यासारखं होतं.

९. खरं सांगणारं एक माणूस मात्र धरून ठेव. सूर पडला की जो भुवई उचलतो तोच — गोड बोलणारे पुष्कळ भेटतील, सूर सांगणारा एखादाच.

१०. सगळ्याच कामांना हो म्हणू नकोस. तू चटपटीत आहेस, त्यामुळे तरुण संघाचा हिशेब, नाताळची नाटिका, स्वयंपाकाची यादी, सगळं तुझ्याच गळ्यात येणार. मोशेलासुद्धा सासऱ्याने बजावलं होतं, एकटा दमून जाशील, कामं वाटून दे — आणि त्याला बोलायला अवघड वाटत होतं तेव्हा देवाने अहरोन सोबत दिलाच होता. जे तुझं नाही ते दुसऱ्याचं असतं. त्याला ते करू दे.

११. आठवड्यातून एक संध्याकाळ काहीही न करता बस. देवानेही विसावा घेतला.

१२. तिथल्या मंडळीत गेलीस की पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांना भेट आणि सांग, मला पेटी येते, एक गीत द्या. एकच माग — ते नीट झालं की दुसरं आपोआप मिळतं. आणि पेटीभोवती घुटमळणारं एखादं पोर दिसलं तर त्याला जवळ बसव, भाता हलवायला दे, सा कुठला ते दाखव.