एफआरपीवर जिनिव्हाची टाच?

प्रश्न : आमचा ऊस सहकारी कारखान्याला जातो. जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत भारत साखरेचा खटला हरला, आता एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) जाणार, असं गावात बोलतात. खरं काय?

उत्तर : हरला हे खरं. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर डिसेंबर 2021मध्ये तंटा समितीने निकाल दिला. उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, निर्यात अनुदानही नियमबाह्य, असा. ‘एफआरपी कारखाना देतो, सरकारी तिजोरीतून दमडी जात नाही,’ हा आपला युक्तिवाद होता. मला तो पटण्यासारखा वाटतो. समितीला नाही पटला. दर सरकारने ठरवला, एवढं तिला पुरलं.

भारताने अपील केलं. गंमत पुढेच आहे. अपील ऐकायला संघटनेच्या अपील मंडळाचे तीन सदस्य लागतात. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर 2019पासून तेवढे उरलेलेच नाहीत. अपील पडून आहे तोवर निकाल बंधनकारक होत नाही, म्हणून त्याच्या जोरावर तक्रारदारांना भारतीय मालावर जादा कर लावता येत नाही. तेव्हा या निकालाने तुमची एफआरपी जात नाही. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे जमा झाले का, ते मात्र पासबुकात बघा.