एकाच घरात एकालाच कुष्ठरोग का?

मालवणहून एका भगिनींचे पत्र आले आहे. सासऱ्यांना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. आता मुलीची सोयरीक जुळते आहे, तर 'हा रोग पिढीजात असतो का?' असे त्या विचारतात.

नाही. १८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. मग एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या पाचांपैकी एकालाच तो का होतो? आपल्या पांढऱ्या पेशींवर जंतूंची चाहूल घेणारे 'ग्राही' असतात. त्यांपैकी 'टीएलआर-१' या ग्राहीच्या जनुकात माणसागणिक थोडा फरक असतो. एका प्रकारात तर हा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोचतच नाही. गंमत म्हणजे, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय रुग्णांच्या अभ्यासात अशा लोकांत कुष्ठरोग कमी आढळला! जंतू बहुधा याच ग्राहीचा फायदा उठवत असावा. हा प्रकार युरोपात सर्रास, आपल्याकडे विरळा.

तेव्हा वारशाने येते ती फार तर रोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती, रोग नव्हे. बहुसंख्य माणसांना तो जंतू अंगात शिरूनही होत नाही. सासऱ्यांचा औषधोपचार पूर्ण झाला असेल, तर त्यांच्यापासून संसर्गाची भीती नाही. सोयरीक खुशाल होऊ द्या. घरातल्या सर्वांनी मात्र एकदा अंग तपासून घ्यावे. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. सहा महिने ते वर्षभराची औषधे तेथे मोफत मिळतात.