बागेची माती : तांबडी आणि काळी

बिदरच्या पठारावरची जांभ्याची तांबडी माती बहुधा किंचित आम्लधर्मी असते. भालकी, आळंदकडची काळी मात्र चुनखडीयुक्त, अल्कधर्मी. पुस्तकात वाचून तीत चुना टाकणे म्हणजे खारट आमटीत आणखी मीठ घालणे होय. मग लोह मुळांना मिळेनासे होते आणि गुलाबाची पाने पिवळी पडतात. मातीची तपासणी आधी करवावी; आम्ल निघाली तरच चुना.

काळीचा खरा रोग निचऱ्याचा अभाव. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वाफे उंच करावेत, कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. मूठभर वाळूने काही साधत नाही. हिरवळीला हरळीच बरी, शेतकरी तिला कितीही शिव्या देवोत! माती ओली असता मात्र तीवर चालू नये. दबून ती घट्ट होते.